ब्याण्णववर अडलेला काटा

सल्ला देणारे

माझं वजन ब्याण्णव किलोवर अडलं, तेव्हा माझ्या आयुष्यात वाढत होती ती फक्त सल्ला देणारी माणसं. मी ब्लाऊज शिवते. माप द्यायला आलेली बाई दोन्ही हात पसरून उभी असते आणि तशीच मला विचारते, "काय हो ताई, ऑपरेशन करूनसुद्धा उतरेना का?" माझ्या तोंडात टाचण्या असतात म्हणून मी गप्प बसते. कुणी जिऱ्याचं पाणी प्यायला सांगतं, कुणी रात्रीचं जेवण सोडायला सांगतं. ज्यांच्या ब्लाऊजची शिलाई मी दर दिवाळीला उसवून सैल करून देते, त्याही मला तोंड आवरायला सांगून जातात.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, म्हणजे ज्यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय, पहिले काही महिने वजन भराभर उतरलंय आणि मग अचानक थांबलंय त्यांच्यासाठी. तुम्ही आता सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढत असाल आणि स्वतःला शिव्या देत असाल. मीही दिल्या. एकदा काट्याला लाथही मारली. मारू नका, अंगठ्याला लागतं आणि वजन तेवढंच राहतं.

फक्त माझी गोष्ट थोडी वाकडी आहे. मी हे ऑपरेशन सुंदर दिसायला केलं नाही, की गुडघे दुखतात म्हणून केलं नाही. मला माझ्या भावाला किडनी द्यायची होती.

किडनी चांगली, बाई जड

आम्ही नगरला सावेडीत राहतो. माझं माहेर काष्टीचं. वैभव माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणजे मीच कडेवर घेऊन वाढवलेला. त्याची पिकअप गाडी आहे, लिंबं-कांदे घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचा. पाय सुजायला लागले तर म्हणाला, बूट घट्ट झालेत. दोन नंबर मोठे बूट आणले, तेही घट्ट झाले, तेव्हा दवाखान्यात गेला. ब्लडप्रेशरनं दोन्ही किडन्या आतल्या आत खाल्ल्या होत्या आणि हा चपलांची दुकानं पालथी घालत होता. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलावी लागेल. वडील कधीच गेलेत. आईला साखर. वैभवची बायको पूनम द्यायला तयार होती, पण तिचं जुळलं नाही. माझं जुळलं. मला वाटलं, झालं काम.

पुण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझे सगळे रिपोर्ट वाचले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "किडन्या उत्तम आहेत," ते म्हणाले, "पण तुमचं वजन एकशे आठ आहे. एक किडनी काढली तर उरलेल्या एकीवर एवढा भार टाकणं बरोबर नाही. भूल देणंही धोक्याचं आहे. ऐंशीच्या आत या, मग बोलू."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला किडनी हवीय का मी?" ते हसले नाहीत.

आजाराचं निदान म्हणतात तो दिवस माझ्यासाठी तो होता. धडधाकट बाई होते मी. बीपी नाही, साखर नाही, मशिनवर दहा तास बसायचे. आणि एका वाक्यात मी आजारी ठरले, तेही अशा आजारानं जो सगळं गाव लांबून बघू शकतं. परतीच्या वाटेवर वैभव खिडकीकडे तोंड करून बसला होता. मग म्हणाला, "आक्का, ऱ्हाऊ दे. तू नको जिवाला तरास करून घेऊ." मला इतका राग आला की मी शिक्रापूरपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

वर्षभर चालले. भात सोडला, साखर सोडली, दिवाळी सोडली. चार किलो उतरले आणि एका लग्नसराईत परत आले. शेवटी त्याच डॉक्टरांनी पोटाच्या ऑपरेशनचं सुचवलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. माणूस थोडक्यात भरतो.

आमच्या ह्यांनी ते ऐकून घेतलं आणि दोन दिवस घरात एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "म्हणजे भावाला वाचवायला तू दोनदा टेबलावर झोपणार. एकदा बारीक व्हायला आणि एकदा कापून द्यायला." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मला काय वाटतं ते विचारायचं तरी." मग स्वतःच उठून फाईल शोधायला लागले. आईला आम्ही ऑपरेशन झाल्यावर सांगितलं. तिला उगाच घोर नको, असं सगळ्यांचं मत पडलं.

टोपणभर पाणी

हॉस्पिटलाबद्दल फार लिहीत नाही. भूल उतरली तेव्हा पहिली गोष्ट कळली ती तहान. दुसरी, खांद्यात दुखत होतं. पोट कापलं आणि दुखतोय खांदा! सिस्टर म्हणाल्या, पोटात गॅस भरतात त्याचं आहे, चाला म्हणजे जाईल. म्हणून मी त्या गाऊनमध्ये व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. तो गाऊन ज्यानं बेतला त्याला एकदा माझ्यासमोर बसवा. मागून सगळा उघडा, बंद तीन, त्यातला एक तुटलेला, आणि काखेत एवढा घोळ की त्यात अजून एक पेशंट मावला असता. मला दुखण्यापेक्षा त्या शिलाईचा संताप जास्त येत होता. सिस्टरकडे सुई-दोरा मागितला, त्यांनी दिला नाही.

पाणी प्यायला औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढा कप दिला होता. तेवढं पाणी घोट घोट करत, बराच वेळ लावून प्यायचं. मी पहिल्या वेळी सवयीनं गटकन प्यायले आणि छातीत अशी कळ आली की देव आठवले.

शेजारच्या खाटेवर पुणतांब्याच्या एक आजी होत्या, त्यांच्या सोबतीला एक मावशी. मावशींनी दुपारी संत्रं सोललं. सगळ्या खोलीत वास सुटला. माझ्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं, तर त्या उठून बाहेर जिन्यात जाऊन बसल्या आणि तिथं खाऊन आल्या. हातही धुऊन आल्या. त्या मावशींना मी अजून विसरलेले नाही.

नजर लागली म्हणे

सुरुवातीला वजन इतकं उतरलं की मलाच माझ्या ब्लाऊजना आठवड्याला टिपा घालाव्या लागायच्या. एक इडली खायला अर्धा तास लागायचा. मशिनवर बसून डाव्या हातानं चपाती तोंडात कोंबायची माझी वीस वर्षांची सवय. ती मोडायला जेवढा त्रास झाला तेवढा ऑपरेशनचा झाला नाही. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी नाही. आधी डाळ, पनीर, मटकी, मग जागा उरली तर भाकरी. जागा उरतच नाही.

तिसगावला नणंदेच्या घराची वास्तुशांत होती. गप्पांच्या नादात मी अर्धी पुरी नीट न चावता गिळली. ती आत जाईना, बाहेर येईना. तोंडाला फेस यायला लागला. मागच्या दारी जाऊन ओकले तेव्हा कुठं सुटले. परत आले तर नणंदबाई मीठ-मिरच्या घेऊन उभ्या. "एवढी बारीक झालीस, कुणाची तरी लागली बघ!" मला भरमंडपात बसवून नजर काढली. मिरच्यांचा ठसका बसून आम्ही सगळेच खोकलो. मला कितीही सांगावंसं वाटलं की बायांनो, नजर नाही, पुरी लागलीय, तरी उपयोग नव्हता.

आणि मग खरंच नजर लागल्यासारखं झालं. ब्याण्णव. पुढच्या सोमवारी ब्याण्णव. त्याच्या पुढच्या सोमवारी ब्याण्णव आणि वर थोडं. मी काटा फरशीवरून ओट्याजवळ नेला, ओट्याजवळून दारात नेला. दारात तर अजून वाढलं.

हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "वजन मध्ये मध्ये थांबतं. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. घाबरू नका. टेपनं माप घेऊन बघा." टेप काय माझ्या गळ्यातच असते. माप घेतलं तर कंबर कमी झाली होती. जीव भांड्यात पडला. पण महिना गेला आणि टेपही तिथंच थांबली. मी परत फोन केला.

"काय काय खाताय?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंय तेवढंच."

"अजून काही?"

"काही नाही हो. बाकी मग सगळं पातळच."

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी फोन ठेवला. त्या एका वाक्यावर थांबले असते तर माझे दोन महिने वाचले असते.

पातळ

हे जरा नीट सांगते, कारण तुमच्याही घरात हेच चाललेलं असण्याची शक्यता आहे. आमच्याकडे खाणं म्हणजे भाकरी. भाकरी खाल्ली तर जेवण झालं. बाकी जे प्यायचं ते खाण्यात धरत नाहीत. चहा धरत नाहीत, दूध धरत नाहीत, उसाचा रस तर पाण्यातच जमा. दोन वेळा चहा, वाटीभर आमटी, पेलाभर म्हशीचं दूध एवढं पोटात गेलेलं माणूससुद्धा दुपारी म्हणतं, "सकाळपासून पोटात काही नाही." आणि ते खोटं बोलत नसतं. मीही बोलत नव्हते.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पहिले काही दिवस पातळ घ्यायला सांगितलं होतं. ते पहिल्या दिवसांपुरतं होतं हे सगळे विसरले, आणि पातळ चांगलं एवढंच काष्टीपर्यंत पोचलं. आईनं ते मनावर घेतलं.

आईला गुडघ्यांमुळे एसटीनं यायला जमत नाही. पण वैभव आठवड्यातून दोनदा नगरला येतोच. त्याच्याबरोबर ती स्टीलच्या किटल्या पाठवायला लागली. एका किटलीत मुगाचं कढण, दुसरीत ज्वारीची आंबील. "लेकीचं पोट कापलं," ती फोनवर म्हणायची, "तिला घन पचत न्हाई. हे पातळच हाय. पी गरम करून."

मी प्यायचे. कढण असं व्हायचं की बोटं चाटावीत. आणि भाकरीचा चतकोर ज्या नळीत अडतो, त्याच नळीतून कढण सरसर खाली उतरतं. पोट भरल्याचं कळतच नाही. तासाभरानं परत वाटी.

वैभवला दिवसभरात पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा जिभेखाली धरून तहान मारायचा. तो माणूस मला किटल्या भरून आणून द्यायचा, आणि मी पिताना समोर बसायचा. "बरं लागतंय का?" विचारायचा. मला ते बघून गिळवायचं नाही, पण मी गिळायचे.

घरात आमची रोज भांडणं. ह्यांनी काटा कपाटावर ठेवला तर मी स्टुलावर चढून काढला. "त्या स्टुलावरून पडलीस तर दोन्ही किडन्या जातील," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला बरंच आहे, म्हणजे ऑपरेशन टळलं." ते तसेच जेवणाच्या ताटावरून उठून गेले. मला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतका चांगला माझा मूड त्या दिवसांत कधीच नव्हता.

आणि वैभव खालावत होता. रंग मातीसारखा झालेला. एकदा छातीत पाणी झालं म्हणून ऐनवेळी दाखल करावा लागला. मी त्याच्या खाटेशी बसून मनातल्या मनात माझ्या मांड्यांना, दंडांना, सगळ्या अंगाला शिव्या देत होते. बारा किलो. बारा किलोसाठी माझा भाऊ जाणार होता.

आईचा ओटा

त्यानंतर काही दिवसांनी डायलिसिस झाल्यावर वैभवला चक्कर आली. गाडी चालवणं शक्यच नव्हतं. आमच्या ह्यांनी पिकअप घेतली आणि आम्ही त्याला काष्टीला सोडायला गेलो. रात्री तिथंच राहिलो.

सकाळी मी चूळ भरून स्वयंपाकघरात आले. आई पाठमोरी उभी होती. मिक्सरमध्ये भिजवलेले शेंगदाणे फिरवत होती. ते तिनं फडक्यातून पिळून घेतले, आणि ते पांढरंशुभ्र दूध कढणात ओतलं. मग फडताळातून लोण्याचा गोळा काढून आंबिलीत सोडला आणि पळीनं विरघळेपर्यंत ढवळला. वरून काकवीची धार धरली. रोजचं काम करावं तसं सराईतपणे चाललं होतं.

"आई, हे काय घालतीस?"

ती दचकली. "काय न्हाई. शेंगदान्याचं दूध. जरा चव येती."

"आणि लोणी?"

"एवढंसं तर हाय."

माझं डोकं फिरलं. किती महिन्यांचा राग होता कुणास ठाऊक, सगळा एकदम बाहेर आला. "मी तिकडं चतकोर भाकरीवर दिवस काढतीय! काट्यावर चढून चढून पाय दुखले! लोकांचं ऐकून घेतीय, नवऱ्याशी भांडतीय, आणि तू मला किटली भरून लोणी पाजतीस? आगं, वजन उतरल्याशिवाय किडनी घेत न्हाईत, तुला ठावं न्हाई का?"

"ठावं हाय की," आई म्हणाली.

"ठावं हाय? मंग?"

तिनं गॅस बंद केला. "मंग काय. न्हाई घेतली तर न्हाई घेतली."

"आणि वैभ्याचं काय?"

आई मिक्सरचं भांडं विसळायला लागली. मग माझ्याकडे न बघता बोलली. "त्याला मशीन हाय. हप्त्यात दोनदा जातो, येतो. जगतोय की. तुला काय झालं तर तुला कुठलं मशीन हाय?"

मी किटलीचं झाकण उघडून आत बघितलं.

"एक बार पोट कापून घेतलंस, मला कुनी सांगितलं बी न्हाई. आता दुसऱ्या बारीला कुशीतनं कापनार. त्याला दुखनं द्येवानं दिलं. तुला मी माझ्या हातानं दिऊ व्हय? त्यो बी माझाच हाय, तू बी माझीच. समदे ठरवून मोकळे झालात. मला कुनी इचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिला घोर नको म्हणून आम्ही तिला बाहेर ठेवलं होतं, आणि तिनं एकटीनं बसून तो सगळा घोर किटलीत ओतला होता. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि ती किटली मोरीत आपटावीशीही वाटली. मी दोन्ही केलं नाही. पाट ओढून खाली बसले.

आता खरं सांगते. वीस वर्षं मी रोज स्वयंपाक करतेय. शेंगदाण्याची चव मला कळत नाही असं नाही. लोणी घातलेली आंबील जिभेवर कशी लागते हे मला माहीत आहे. मी कधी विचारलं नाही, कारण काटा अडला होता तोवर ऑपरेशनची तारीख नव्हती. संताप संताप म्हणून मी जगभर नाचत होते, त्याच्या खाली मला भीती वाटत होती. ते मी ह्यांना सांगितलं नव्हतं, स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "मला बी लई भ्या वाटतं. पन मला द्यायचीय."

तिनं तोंडाला पदर लावला. बाहेरच्या खोलीत ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. भिंत पातळ आहे, त्यांनी ऐकलं असणार. परतीच्या एसटीत त्यांनी फक्त माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मलाही वाटते." त्या दिवसापासून आमची भांडणं निम्म्यावर आली. अगदी थांबली असं म्हणणार नाही.

वैभवला पूनमनं सांगितलं. तो खोकला येईपर्यंत हसला. "म्हंजी मीच इतके दिवस माझी किडनी आडवत हुतो!" नंतर मात्र तो आईजवळ जाऊन बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

तिला विचारलं

पुढच्या तपासणीला आम्ही आईला पुण्याला नेलं. गाडीत पुढच्या सीटवर, पाय लांब करून. डॉक्टरांच्या समोर ती खुर्चीच्या कडेवर बसली. डॉक्टरांनी समजावलं, चित्र काढून दाखवलं. तिनं चित्राकडे बघितलंच नाही. तिला एकच विचारायचं होतं. "हिला एका किडनीवर म्हातारपन काढता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांना येतं. आम्ही नीट तपासूनच घेतो आणि दरवर्षी तपासत राहू. पण शंभर टक्के खात्री मी कुणालाच देत नाही, आजी."

मला वाटलं, संपलं, आता ही उठून चालायला लागणार. पण बाहेर आल्यावर आई म्हणाली, "खात्री देत न्हाई म्हनला. मानूस खरं बोलतो." आणि तिथूनच आहाराच्या मॅडमच्या खोलीत गेली. "ह्या पोरीला काय घालायचं आनि काय न्हाई, ते मला सांगा. तिला सांगून उपेग न्हाई."

मॅडमनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. जे प्यायलं जातं तेही खाणंच आहे. या छोट्या पोटाला घन, चावून खायचं अन्न द्या, ते पोट भरल्याची खूण देतं. पातळ काही खूण देत नाही. दूध, रस, कढण, चहा हे सगळं मोजा. आणि दिवसभर घोट घोट, चिमूट चिमूट तोंड चालू ठेवू नका. गोळ्या, व्हिटॅमिन चुकवू नका. कुणाला काय मानवेल ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारा, मी फक्त माझं सांगतेय.

आईच्या गळ्यात माळ आहे, अंड्याला ती हात लावत नाही. पण साय काढलेल्या दुधाचं पनीर करायला शिकली. मोड आलेली मटकी, हुलगे सुके करून पाठवायला लागली. पहिल्या वेळी त्यात मीठच नव्हतं, कारण मॅडम जपून खा म्हणाल्या होत्या. मी फोन करून ओरडले. ती म्हणाली, "घातलं तरी बोलतीस, न्हाई घातलं तरी बोलतीस. नेमकं काय करू?"

काटा हलला. पण कथेत हलतो तसा नाही. पाव किलो, अर्धा किलो, मग परत आठ दिवस ढिम्म. एकदा तर वाढलं. मी अजूनही चिडते. पण आता चिडले की काट्यावर चढत नाही, आधी दिवसभरात काय प्यायले ते आठवते. बहुतेक वेळा चहा सापडतो. गिऱ्हाइकांनी आग्रहानं पाजलेला.

बास

मागच्या महिन्यात ऐंशीच्या खाली आले. तपासण्या परत झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. वैभवचा आणि माझा दिवस ठरला आहे. हे लिहितेय तेव्हा तो दिवस यायचा आहे. सगळं ठीक होईल का, मला माहीत नाही. झोप नीट लागत नाही हे खरं आहे.

आई आमच्याकडे राहायला आली आहे, ऑपरेशन होईपर्यंत. आल्यापासून आमच्या घरातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी आहे. माझी तव्याची जागा तिला पटत नाही, ह्यांचं उशिरा जेवणं पटत नाही, आणि गॅसची शेगडी तर तिच्या मते कुणी बाईनं घेतलेलीच नाही.

आज दुपारी तिनं मला वाढलं. लहान मुलांच्या ताटलीत मटकीची उसळ, चतकोर भाकरी, दोन फोडी काकडी. समोर पातेलं घेऊन बसली. मी सावकाश खाल्लं. ताटलीत दोन घास उसळ उरली होती आणि आतून खूण आली.

आमच्याकडे ताटात टाकत नाहीत. आणि बास म्हणणाऱ्याला अजून एक पळी पडते, ती घेतल्याशिवाय त्याला उठता येत नाही. माझ्या आईच्या पंगतीतून पोट फुटायची वेळ आल्याशिवाय कुणी उठल्याचं मला आठवत नाही. तिची पळी भरून वर आलीच होती.

"बास," मी म्हटलं.

पळी हवेत थांबली. आईनं ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बास?"

"बास, आई."

तिनं पळी परत पातेल्यात ठेवली आणि वर झाकण टाकलं.